एकोणिसाव्या पॅचचा निकाल

"सर, हा पॅच मी मुद्दाम बिघडवलाय," तहसीन म्हणाली, "आणि स्क्रिप्ट म्हणतेय, पास."

मी चष्मा पुसला आणि पडद्याकडे पाहिले. हिरव्या अक्षरांत खरोखरच तसे लिहिलेले होते.

"बिघडवला म्हणजे किती?"

"भरपूर. ए गटाची पिशवी बी गटाच्या पेशंटला चालते, असं घातलंय मी त्यात. रक्तपेढीतला शिपाईसुद्धा बोंब मारेल, सर. हिला काहीच वाटलं नाही."

जुलै महिन्यातला तो पहिला सोमवार होता आणि सकाळचे पावणेअकरा झाले होते. मिरजेत स्टेशन रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर आमचे कार्यालय होते. रक्तपेढ्यांना लागणारी संगणकप्रणाली आम्ही तयार करत असू. कोणत्या पिशवीत कोणते रक्त आहे, ते कोणाला चालेल, कोणत्या दिवसापर्यंत चालेल, हे सर्व ती सांगत असे. अकरा रक्तपेढ्या त्या वेळी आमच्यावर विसंबून होत्या. प्रणालीत लहानसा बदल केला की त्याचा पॅच त्या अकरा ठिकाणी जायचा. जाण्यापूर्वी त्याची परीक्षा होत असे. संगणकाच्या आत एक कोरा कंटेनर उभा राहायचा, म्हणजे चारही बाजूंनी बंद अशी रक्तपेढीची हुबेहूब प्रतिकृती. त्यात पॅच बसवला जायचा, दोनशे चौदा चाचण्या व्हायच्या, निकाल लागायचा आणि कंटेनर मोडून टाकला जायचा. ही सारी कामे माणसाचा हात न लागता एक स्क्रिप्ट करत असे. ती स्क्रिप्ट तहसीन सतारमेकर हिने लिहिली होती. निकालाखाली सही माझी असे.

माझे शिक्षण तंत्रनिकेतनातले, विद्युत शाखेचे. अठ्ठावीस वर्षे मी वीज उपकेंद्रांच्या चाचणी विभागात काढली, स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि त्रेपन्नाव्या वर्षी संगणक शिकलो. उपकेंद्रात एक शिस्त होती. तार बंद आहे असे मानण्यापूर्वी चाचणीचा दिवा आधी एखाद्या जिवंत तारेला लावून पाहायचा. दिवाच गेलेला असेल तर प्रत्येक तार बंद दिसते, आणि तिच्यावर भरवसा ठेवून हात घालणारा माणूस घरी परतत नाही. तीच शिस्त मी येथे आणली होती. दर तीन महिन्यांनी स्क्रिप्टला जाणूनबुजून बिघडवलेला पॅच द्यायचा आणि ती तो नापास करते की नाही, ते पाहायचे. जानेवारीत तिने तो चोख नापास केला होता. एप्रिलची पाळी मी टाळली. त्याला सांगण्यासारखे कारण नाही. जानेवारीत नीट चालले होते, एवढेच.

"जानेवारीनंतर किती पॅच गेले?" मी विचारले.

तहसीनला मोजावे लागले नाही. "एकतीस."

एकतीस वेळा हिरवे अक्षर उमटले होते, त्याखाली एकतीस वेळा मी सही केली होती, आणि ते अक्षर कशाच्या जोरावर उमटले होते हे आता कोणालाच सांगता येत नव्हते. त्यातला एखादा पॅच खरोखर बिघडलेला असला, तर तो या क्षणी अकरा रक्तपेढ्यांत बसून पिशव्यांवर तारखा छापत होता.

"आधी बिघाड शोधू," मी म्हणालो. "घाबरायचं ते नंतर. एका वेळी एकच गोष्ट."

पहिला संशय असा की जुनाच कंटेनर पुन्हा वापरला जात असावा. तहसीनने पाहिले, कंटेनर नवा होता, सहा मिनिटांपूर्वीचा. दुसरा संशय असा की पॅच आत पोहोचतच नसावा. तिने कंटेनर न मोडता उघडा ठेवला आणि आत शिरून पाहिले. ए आणि बी यांचा तिने घातलेला गोंधळ तेथे जसाच्या तसा होता.

"आता चाचण्या आतूनच चालव. हाताने."

तिने चालवल्या. पडद्यावर तीन लाल ओळी उमटल्या.

"नापास!" ती जवळजवळ ओरडली. नापास या शब्दाने एवढा आनंद झालेला मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. "सर, चाचण्या शुद्धीवर आहेत."

"म्हणजे आत बातमी खरी आहे. बाहेर येईपर्यंत बदलते. वाटेत कोण आहे?"

शेल म्हणजे स्क्रिप्टमधल्या आज्ञा एकेक करून चालवणारा प्रोग्राम; त्यात प्रत्येक आज्ञा आपले काम संपले की एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे सारे ठीक. दुसरा कोणताही आकडा म्हणजे काहीतरी चुकले. आम्ही प्रत्येक ओळीनंतर तो आकडा छापायला लावला आणि स्क्रिप्ट पुन्हा सोडली. मी पेन घेऊन आकडे कागदावर उतरवत गेलो. कंटेनर उभारला, शून्य. पॅच बसला, शून्य. चाचण्या झाल्या, शून्य.

"इथे," मी म्हणालो. "हाताने चालवल्या तेव्हा एक आला होता. ही ओळ मोठ्याने वाच."

तहसीन वाचू लागली आणि मध्येच थांबली. तिचा चेहरा उतरलेला मला बाजूनेही दिसला.

"टी," ती हळू आवाजात म्हणाली. "सर, मी चाचण्यांचं सगळं बोलणं पाइपमधून टी या आज्ञेकडे दिलंय. ती ते पडद्यावर दाखवते आणि फाईलमध्ये उतरवते. आणि पाइप असला की शेल फक्त शेवटच्याचा आकडा बघतो."

"म्हणजे चाचण्या नापास झाल्या..."

"टीने ते नापास झाल्याचं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. मग शेलने तिला विचारलं, तुझं काम झालं का? ती म्हणाली, झालं की, छान झालं. शून्य."

पंचनामा लिहिणारा हवालदार म्हणतो लिखाण व्यवस्थित झाले, म्हणून चोरी झालीच नाही असे धरण्यासारखा हा प्रकार होता. चाचण्यांना कोणी विचारतच नव्हते.

"ओळ कधीची?"

"नऊ फेब्रुवारी. माझीच. एकतीसमधला पहिला पॅच जायच्या आधीची."

नेमक्या त्याच वेळी हिरेमठसाहेब आत आले. चिदानंद हिरेमठ हे कंपनीचे मालक, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने उतावळे पण मनाने सरळ.

"मगदूमसाहेब, बत्तिसावा पॅच आज संध्याकाळी जातोय नव्हं? मी सगळीकडं कळवून बसलोय."

मी त्यांना काय झाले ते सांगितले. ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले आणि खिडकीपर्यंत जाऊन आले.

"एकतीस? आणि कुणाच्या लक्षात आलं नाही? कुणी केलं हे?"

"माझी ओळ आहे, सर," तहसीन म्हणाली.

"तुझी? अगं, तुला मी सगळ्यांत..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही. "बरं. आता काय करायचं ते बोला. रक्तपेढ्यांना काम थांबवा म्हणून सांगू? दवाखाने बोंब मारतील की."

"अर्धा तास द्या," मी म्हणालो. "टीने सगळं लिहून ठेवलंय ना? मग एकतीस परीक्षांच्या उत्तरपत्रिका आपल्याकडं आहेत. त्या वाचायच्या."

प्रत्येक परीक्षेचा वृत्तांत छापून, मागे माझी सही घेऊन, फाईलमध्ये लावलेला असे. साहेब आपल्या खोलीत गेल्यावर फाईल मीच कपाटातून काढली. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक कागद टाचलेला होता आणि अक्षर माझे होते. 'निकालाची एक ओळ पुरेशी नाही. यापुढे प्रत्येक चाचणीचा संपूर्ण वृत्तांत नोंदवून फाईलमध्ये लावावा. दि. मगदूम.' खाली तारीख आठ फेब्रुवारी.

मी तो कागद दोनदा वाचला. तहसीन पलीकडे टेबल रिकामे करत होती.

"तहसीन, हे तुझ्या लक्षात होतं?"

"हो सर."

"मघाशी साहेबांसमोर बोलली का नाहीस?"

"तुम्ही मागितलं ते बरोबर होतं," ती म्हणाली. "लिहिताना मी चुकले. आणि तेवढ्यावरून भांडत बसायला आत्ता वेळ कुठाय? द्या ना अर्ध्या मला."

सोळा तिच्याकडे, पंधरा माझ्याकडे. प्रत्येक वृत्तांत चार पानांचा. पहिल्या तीन पानांवर चाचण्या, चौथ्यावर लागलेला वेळ, 'निकाल: पास' ही ओळ आणि तिच्याखाली माझी सही. मी मागितलेले कागद मीच कधी वाचले नव्हते, हे मला त्या टेबलाशी बसल्यावर कळले. मी थेट चौथे पान उलटत असे. सही सुबक होती. एकतीसही ठिकाणी सारख्याच उतारावर.

दहा वाचून झाले, स्वच्छ. पंधरा झाले. तहसीनच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. ती प्रत्येक ओळ मनात म्हणत होती. मग तिने एक पान माझ्याकडे सरकवले आणि त्यावर बोट ठेवले.

एकोणिसावा पॅच. तिसरे पान. एकशे अठ्ठ्याण्णव आणि एकशे नव्व्याण्णव क्रमांकाच्या दोन चाचण्या नापास होत्या. दोन्ही प्लेटलेट्सच्या मुदतीच्या होत्या.

प्लेटलेट्सची पिशवी पाच दिवस टिकते. तारीख एका दिवसाने पुढची छापली गेली, तर सहाव्या दिवशीची पिशवी डेंग्यूच्या रुग्णाला चढते. तारीख मागे पडली, तर चांगली पिशवी फेकली जाते आणि रुग्ण वाट पाहत राहतो. एकोणिसावा पॅच सतरा एप्रिलला गेला होता. मधे अकरा आठवडे उलटले होते.

आम्ही हिरेमठसाहेबांना बोलावले आणि त्यांनी ते पान दोनदा वाचले. नंतर एवढेच म्हणाले, "प्लेटलेट्स कितीजण करतात?"

"तीन. जयसिंगपूर, गडहिंग्लज आणि विटा."

"फोन लावा."

जयसिंगपूरच्या तंत्रज्ञाने शीतपेटीजवळ उभे राहूनच चार पिशव्यांच्या तारखा वाचून दाखवल्या, बरोबर होत्या. गडहिंग्लजला त्या दिवशी दोनच पिशव्या होत्या; त्याही बरोबर. पण सहा पिशव्यांवरून अकरा आठवड्यांचा हवाला देता येत नव्हता. एप्रिलपासूनचे सारे रजिस्टर तपासा, अशी मी दोघांनाही विनंती केली. सर्वांत जास्त प्लेटलेट्स विट्याला होत असत आणि तेथले रजिस्टर सांभाळणाऱ्या लोंढेबाई रक्तदान शिबिराला गेल्या होत्या. फोन लागत नव्हता.

दरम्यान तहसीनने स्क्रिप्टच्या माथ्यावर पाइपफेलची आज्ञा घातली होती. साखळीतला कोणीही नापास झाला तरी पूर्ण साखळी नापास धरावी, असा तिचा अर्थ. ए आणि बी यांचा गोंधळ पुन्हा देऊन पाहिला. आता स्क्रिप्टने तो तत्काळ लाल केला. मग एकोणिसावा पॅच दिला. हिरवा. दोनशे चौदापैकी दोनशे चौदा.

"सुटलो!" हिरेमठसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "पास झाला की. दुरुस्त स्क्रिप्टनं पास झाला."

"एप्रिलमध्ये नापास झाला होता," मी म्हणालो.

"अहो, झाला असंल काहीतरी तवा..."

"साहेब, तोच पॅच, तीच चाचणी. एकदा नापास, एकदा पास. काय बदललं ते कळेपर्यंत मी याला पास म्हणणार नाही. नुसतं पास ऐकून गप्प बसायची सवय अकरा वाजता सुटली माझी."

हिरेमठसाहेबांनी तहसीनकडे पाहिले. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं." ते पुन्हा खुर्चीत बसले.

आम्ही एप्रिलचा आणि आजचा असे दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवून ओळीला ओळ लावत गेलो. जेवणाची वेळ कधी टळली ते समजले नाही. तिसऱ्या वाचनात मी पहिल्या पानावरच अडलो.

"ही चाचणी किती वाजता सुरू झाली म्हणतेय?"

"सोळा एप्रिल, रात्री अकरा चाळीस," तहसीनने वाचले.

"सोळाला अकरा चाळीसला इथं वीज होती?"

वीज गेल्या-आल्याची एक वही मी कार्यालयात ठेवत असे. जुन्या नोकरीची खोड. तहसीन त्या वहीवरून मला नेहमी चिडवायची. आज ती स्वतःच धावत जाऊन घेऊन आली. सोळा एप्रिल, दुपारी सव्वाला गेली. सतरा एप्रिल, पहाटे पाच वाजून दोन मिनिटांनी आली.

"तुमच्याच खात्याची कृपा," ती पुटपुटली. "म्हणजे आमची मशिन अकरा चाळीसला मेलेली होती. रांगेत अडकलेली चाचणी वीज आल्यावर आपोआप सुरू झाली असणार. पाचनंतर. मग अकरा चाळीस कुणी लिहिलं?"

"कंटेनरचं घड्याळ कुठलं?"

तिने कागद ओढून वजाबाकी केली. वीज पाच दोनला आली, मशिन उठायला आठ मिनिटे; पाच दहामधून साडेपाच तास.

"अकरा चाळीस," ती म्हणाली. "आदल्या रात्रीचे. सर, कंटेनरला भारतीय वेळ मी दिलेलीच नाही. तो ग्रिनिचच्या वेळेवर चालतो. पहाटे पाचला बाहेर सतरा तारीख होती आणि त्याच्या आत अजून सोळा. पिशवीची तारीख बाहेरून जाते, आजची तारीख तो स्वतःची धरतो. एक दिवसाचा फरक पडणारच."

"आणि बाकीच्या तीस?"

"सगळ्या दिवसा झाल्या. सकाळी साडेपाचनंतर दोन्हीकडं तारीख एकच असते."

हिरेमठसाहेब पुढे झुकले. "म्हणजे पॅच चांगला?"

"करून बघू," मी म्हणालो.

चाचणीच्या मशिनचे घड्याळ पहाटेच्या पाच दहावर नेले. एकोणिसावा पॅच नापास झाला, त्याच दोन चाचण्यांत. कंटेनरला भारतीय वेळ दिली, बाकी काही हलवले नाही. पास. पुन्हा ग्रिनिच, नापास. पुन्हा भारतीय, पास. चारही वेळा मी आकडे कागदावर घेतले. रक्तपेढ्यांतले संगणक पहिल्या दिवसापासून भारतीय वेळेवर चालत होते. तेथे हा घोटाळा होण्याचा संभव नव्हता.

तर्क पुरा झाला होता, तरी माझा हात फोनवरून हलत नव्हता. जयसिंगपूर आणि गडहिंग्लज यांचे निरोप तीनच्या सुमारास आले. रजिस्टर स्वच्छ होते. चार वाजून दहा मिनिटांनी विट्याहून फोन वाजला.

"काय हो मगदूमकाका, बारा मिस्ड कॉल? माझं लग्न ठरवलंत काय?"

"लोंढेबाई, एप्रिलच्या सतरापासून प्लेटलेट्सच्या पिशव्यांच्या तारखा पाहायच्या आहेत. रक्त घेतल्याची तारीख आणि मुदतीची. प्रत्येक पिशवी."

"प्रत्येक? दीडशेच्या वर आहेत त्या."

"आमच्याकडून चूक झाली असेल अशी शंका आहे. नसावी. पण तुमच्या रजिस्टरनं सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

पलीकडचा थट्टेचा सूर गेला. "फोन धरा," त्या म्हणाल्या. मग पाने उलटल्याचा आवाज येत राहिला. मधूनमधून त्या आकडे म्हणत, कोणाला तरी "आत्ता नको" असे सांगत. पंचवीस मिनिटे मी तो फोन कानाला लावून बसलो होतो. तहसीन समोर उभी होती आणि माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"काका, एकशे त्रेसष्ट," लोंढेबाई म्हणाल्या. "सगळ्या पाच दिवसांच्या. एकही इकडची तिकडं नाही. झालं समाधान?"

मी काहीतरी उत्तर दिले असावे. ते मला आठवत नाही. मी मान हलवली आणि तहसीन मटकन खाली बसली, जमिनीवरच, कपाटाला टेकून. तिने ओढणीत तोंड लपवले. ती रडते आहे असे वाटून हिरेमठसाहेब घाईने पुढे झाले, तर ती हसत होती.

"एकशे त्रेसष्ट," ती म्हणाली. "सर, मोजल्या त्यांनी. खरंच एकेक मोजली."

हिरेमठसाहेबांनी खाली निरोप पाठवून वडापाव मागवले. ते उभ्यानेच खाताना त्यांनी विषय काढला.

"तहसीन, तुला मी सकाळी बोललो, ते..."

"साहेब," मी मध्येच बोललो, "आधी हे वाचा." फाईलमधला तो टाचलेला कागद मी काढून त्यांच्या हातात दिला. "ती ओळ हिनं माझ्या हुकमावरून घातली. चुकीची घातली, हे खरं. पण दर तीन महिन्यांची तपासणी माझी, ती एप्रिलमध्ये मी केली नाही. आणि एकतीस वृत्तांत न वाचता सही मी केली. हिच्या चुकीला पाच महिने राहायला जागा मी दिली."

त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि मला परत दिला. "मग दोघांनी मिळून रक्तपेढ्यांना पत्र लिहा," ते म्हणाले. "काय झालं ते सगळं. काही लपवायचं नाही. आणि बत्तिसावा पॅच आज जातोय काय नाही, तेवढं सांगा. मी खाली गाडीत बसतो. इथं माझा जीव घुसमटायला लागलाय."

पत्र आम्ही लिहिले; दीड पान झाले. मग तहसीनने बत्तिसावा पॅच लावला. नवा कंटेनर, भारतीय घड्याळ, पाइपफेल. हिरवा निकाल आला. तिने वृत्तांत छापला आणि सवयीने चौथे पान वर करून माझ्यापुढे ठेवला, सहीची जागा समोर येईल असा.

मी पाने सरळ केली आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. तेवढ्यात एक नियम मनाशी ठरला. पुढे मी तेथे होतो तोपर्यंत तो चालला आणि आता तहसीन त्या विभागाची प्रमुख झाल्यावरही चालतो असे ऐकतो. सही करणाऱ्याने आधी वृत्तांताच्या मधल्या पानांवरची कोणतीही एक ओळ सहीच्या वर स्वतःच्या हाताने उतरवायची.

तहसीन बाजूला उभी होती. तिने एकदा घड्याळ पाहिले, एकदा खिडकीतून खाली वाकून पाहिले.

"सर, झालं का?"

"दुसऱ्या पानावर आहे."

"हिरेमठसाहेब गाडीत बसलेत. हॉर्न वाजवतायत."

"वाजवू दे," मी म्हणालो आणि पान उलटले.